टाळ्या वाजवून प्रवाळ बरं होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत समुद्राविषयीच्या त्या डिजिटल प्रदर्शनाचं पानभर कौतुक वाचलं. 'कला आणि विज्ञानाचा अपूर्व संगम' हे शब्द लेखात दोनदा आले आहेत. कलेबद्दल मी वाद घालणार नाही. विज्ञानाबद्दल घालणार, कारण गेल्याच आठवड्यात सातवीच्या छत्तीस मुलांना घेऊन मी तिथे गेले होते आणि तेव्हापासून वर्गात तेच निस्तरत बसले आहे.

आपल्या लेखकाला सगळ्यात भावलेलं दालन तिसरं, प्रवाळाचं. चारही भिंतींवर आणि पायाखालीसुद्धा प्रवाळच प्रवाळ. मुलं आत शिरली की हळूहळू रंग उडत जातो आणि दोनेक मिनिटांत सगळं पांढरंफटक. मग वरून आवाज येतो, 'तुमच्या टाळ्यांनी समुद्राला जीवदान द्या!' मुलं टाळ्या पिटतात, छतातले माइक त्या टिपतात आणि आठ-दहा सेकंदांत गुलाबी, जांभळा, केशरी सगळे रंग परत. माशांचे थवेही परत. हे तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला तर मुलं प्रवाळ कधी पांढरं पडतंय याचीच वाट बघत होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात 'काय पाहिलं' यावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. वर्गातल्या सगळ्यात लक्ष देऊन ऐकणाऱ्या मुलीनं लिहिलं, 'प्रवाळ पांढरे पडले तर घाबरू नये. सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवाव्यात म्हणजे ते बरे होते.' खाली चित्र होतं. प्रवाळाची एक बाजू कोरी ठेवलेली, दुसरी स्केचपेननं गच्च भरलेली, आणि मधे दोन हात. लाल पेन उघडून मी बराच वेळ तशीच बसले. चूक म्हणून ते खोडू कशी? तिनं जे पाहिलं तेच लिहिलं होतं. शाळेनं परवानगीपत्रं भरून, पालकांकडून पैसे गोळा करून तिला ते दाखवायला नेलं होतं. नेणारी मीच.

प्रवाळ म्हणजे इवल्या इवल्या प्राण्यांची वसाहत. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बहुतेक यजमानाला देतं. रंगही बराचसा त्या शैवालाचाच. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशानं जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की हा संसार मोडतो. प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतं. मागे उरतं ते काचेसारखं पारदर्शक अंग, आणि त्यातून आतला चुन्याचा सांगाडा दिसतो. तो आपल्याला दिसणारा पांढरा रंग. म्हणजे पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलं नसतं, ते उपाशी असतं. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येऊन बसतं, पण त्याला आठवडे लागतात, कधी महिने. नाही निवलं तर प्रवाळ मरतं आणि सांगाड्यावर तपकिरी-हिरवा बुरसटलेला थर चढतो. त्या दालनात हा थर कुठेच नव्हता. मरण दाखवलंच नाही, सगळं आपलं पांढरं आणि रंगीत, पांढरं आणि रंगीत.

ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळाच्या प्रचंड पट्ट्यावर २०१६ मध्ये मोठं विरंजन, म्हणजे प्रवाळाचं असं पांढरं पडणं, झालं, ते सावरायच्या आत २०१७ मध्ये पुन्हा, मग २०२०, २०२२, २०२४. मेलेला पट्टा पुन्हा भरून यायला दहा-बारा वर्षं सहज लागतात, आणि इथे दोन-तीन वर्षांहून जास्त उसंत मिळत नाही. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातलं चौथं महाविरंजन जाहीर केलं आणि वर्षभरात जगातल्या ८४ टक्के प्रवाळ क्षेत्राला उष्णतेचा तो ताण पोहोचल्याचं सांगितलं. हे सगळं आठ सेकंदांत टाळ्यांवर मिटवायचं?

बाहेर पडताना तिथल्या स्वयंसेवकाला मी हे शांतपणे सांगितलं. तो म्हणाला, 'मॅडम, ही कला आहे, धडा नाही. मुलांना आशा वाटली पाहिजे.' आशा मलाही हवी आहे. पण मग दाराबाहेर 'शालेय सहलींसाठी खास शैक्षणिक अनुभव' असा फलक कशाला लावता? शाळांकडून पैसे घेताना शिक्षण आणि चूक दाखवल्यावर कला, असं कसं चालेल?

आणि असं दाखवणं अशक्य आहे, असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्याच टाउन्सव्हिलच्या किनाऱ्यालगत पाण्यात २०१९ पासून एक पुतळा उभा आहे, जेसन डिकेअर्स टेलर या शिल्पकारानं घडवलेला. तिथल्या मूलनिवासी समाजातल्या एका शाळकरी मुलीवरून तो केला आहे. दूरच्या डेव्हिस रीफवरच्या केंद्राकडून पाण्याचं तापमान येत राहतं आणि त्याप्रमाणे रात्री पुतळ्याच्या दिव्यांचा रंग बदलतो. पाणी तापलं की तो तांबडा होत जातो, आणि काठावरच्या माणसांनी कितीही टाळ्या पिटल्या तरी समुद्र निवेपर्यंत त्याचा रंग उतरत नाही. मुलांना कळायला यात अवघड काय आहे? मला तर वाटतं, त्या तिसऱ्या दालनात टाळ्यांनी काहीच होऊ नये. मुलांनी वाजवाव्यात, थांबावं, एकमेकांकडे बघावं.

मी सरसकट टीका करायला बसलेले नाही. दुसरं दालन मला मनापासून आवडलं. तिथे जसजसं 'खोल' जावं तसा आधी तांबडा रंग नाहीसा होतो, मग नारिंगी, मग पिवळा, आणि शेवटी फक्त निळा उरतो. पाण्यात अगदी असंच होतं. माझ्या एका विद्यार्थ्यानं आपला लाल रुमाल पुढे धरला आणि तो काळपट दिसला तेव्हा तो ओरडलाच, 'बाई, माझा रुमाल!' त्यानंतरच्या अंधाऱ्या कोपऱ्यात हंपबॅक देवमाशाचं गाणं होतं, आणि त्यावर हळूहळू जहाजाच्या पंख्याची घरघर चढत जाऊन ते गाणं बुडून गेलं. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगानं जातो, हे मी आजवर फळ्यावर लिहून सांगत आले. तिथे छत्तीस मुलं आपणहून गप्प झाली, एकानंही टाळी वाजवली नाही. आपल्या लेखात या कोपऱ्यावर एक अवाक्षर नाही.

शेवटचं दालन 'शाश्वत तंत्रज्ञाना'चं. लाटांपासून वीज, समुद्रातल्या पवनचक्क्या, शैवालाची शेती. माहिती ठीक होती. पण वर्गातल्या एका मुलानं छताकडे बघत प्रोजेक्टर मोजले, एकट्या त्या दालनात बावीस भरले, आणि त्यानं विचारलं, 'बाई, याला वीज किती लागते? ती कुठून येते?' आम्ही विचारलं, कुणालाच सांगता आलं नाही. टोकियोत २०१८ मध्ये उघडलेल्या टीमलॅब या डिजिटल कलाकारांच्या गटाच्या अशाच दालनांत ५२० संगणक आणि ४७० प्रोजेक्टर होते, तेव्हा प्रश्न काही पोरकट नाही. ओलाफुर एलियासन या कलाकारानं २०१५ मध्ये ग्रीनलंडच्या हिमनदीतून आलेल्या बर्फाचे बारा प्रचंड ठोकळे पॅरिसच्या चौकात ठेवले, तेव्हा त्या खटाटोपाचा कार्बनचा हिशेबही लोकांसमोर मांडला होता. इथे दारावर एक कागद चिकटवला असता तरी पुरलं असतं.

जाता जाता एक आपल्याकडची चूक. लेखासोबतच्या चित्राखाली 'जगातला सर्वात मोठा मासा, निळा देवमासा' असं छापलं आहे. नावात मासा असला तरी देवमासा मासा नव्हे. तो फुप्फुसांनी श्वास घेतो आणि पिल्लाला दूध पाजतो. सर्वात मोठा मासा व्हेल शार्क. ही चूक मी शोधलेली नाही, आज सकाळी दोन मुलींनी पुरवणी वर्गात आणून दाखवली आणि विचारलं, 'बाई, पेपरात चुकीचं कसं?' दुरुस्ती छापावी ही विनंती. छापलीत तर कात्रण वर्गाच्या सूचनाफलकावर लावीन, त्या दोघींना दिसेल असं.

कळावे,
आपली,
एक विज्ञान शिक्षिका