तो पाणी पिणारा काचेचा पक्षी राहिलाच की!

संपादक साहेब, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या खेळण्यांवर छान लिहिलंत, पण टेबलावरच्या ग्लासात चोच बुडवून परत उभा राहणारा काचेचा पक्षी विसरलात हो! आणि लोक अजून म्हणतात की तो फुकट कायमचा चालतो, तर तसं अजिबात नाहीये. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतल्या माइल्स सलिव्हनला त्याचं पेटंट १९४६ साली मिळालं, म्हणजे तिथेच ट्रान्झिस्टर बनला त्याच्या एक वर्ष आधी.

आत मिथिलीन क्लोराइड नावाचं पातळ रसायन असतं, ते ४० डिग्रीच्या आसपासच उकळतं. डोक्यावरचं ओलं कापड वाळताना डोकं गार पडतं, आतल्या वाफेचं द्रव होतं, दाब कमी होतो, मग खालच्या फुग्यातला रंगीत द्रव नळीतून वर चढतो आणि डोकं जड झालं की साहेब वाकले! वाकल्यावर नळीचं खालचं तोंड उघडं पडतं, बुडबुडा वर, द्रव खाली, परत उभे. आमच्याकडचा एप्रिलच्या कोरड्या हवेत धडाधड माना टाकतो आणि जुलैत पेन्शनरासारखा बसून राहतो, दमट हवेत कापड वाळणार कसं?

आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवलं, त्या पुण्यात हा पक्षी नुसता शोकेसमध्ये ठेवायचा? शाळांनी वर्गात एकेक ठेवावा. फक्त फुटला तर पोरांना लांब ठेवा आणि खिडक्या उघडा, आतलं रसायन विषारी असतं.

आपला, एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे