सूचना : शनिवारची बैठक, विषय ‘वेगवेगळ्या वयांची मुलं, एकच घर’

मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवणाऱ्या आपल्या पालक-गटाच्या सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या शनिवारी दुपारी ४ वाजता आपली ऑनलाइन बैठक आहे. येताना घरचं वेळापत्रक जवळ ठेवा. खरं, रोज घडतं ते. भिंतीवर चिकटवलेलं नको.

विज्ञान, इतिहास, गोष्टींचं वाचन सगळ्यांना एकत्र घेता येतं. पाणी उकळायला ठेवलं की ५ वर्षांच्याने वाफेचं चित्र काढावं, ९ वर्षांच्याने चार ओळी लिहाव्यात, १३ वर्षांच्याने दर मिनिटाला तापमान मोजून आलेख काढावा. गणित आणि वाचायला शिकणं मात्र ज्याच्या-त्याच्या पायरीनेच होतं. आधीचं कच्चं असेल तर पुढचं बसत नाही. मग एकाला हातचा समजावताना बाकीच्यांनी काय करायचं? प्रत्येकाने आपला एक उपाय सांगावा. फसलेलाही चालेल, किंबहुना तोच आधी सांगा.

थोरल्यांना धाकट्यांचे मास्तर करावं का, हा मागचा वाद अर्धवट राहिलाय. त्याला शेवटची २० मिनिटं. (आवाज न चढवता!)

मुलं मध्ये डोकावली तरी हरकत नाही. जमणार नसेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.