सूचना : रोज रात्री दीड तास मोबाइल बाजूला

सर्व सभासदांना नमस्कार.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक पद्धत सुरू केली. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास घरोघरी मोबाइल आणि टीव्ही बंद. येत्या सोमवारपासून आपल्या सोसायटीतही ८ ते ९:३० या वेळेत मोबाइल बाजूला ठेवायचे ठरले आहे. गणपती मंदिरातली घंटा वाजवण्याचे काम मुलांनी आनंदाने घेतले आहे.

सक्ती नाही. कुणाची ड्युटी असेल, परगावच्या लेकीचा फोन येणार असेल, तर जरूर घ्यावा. माणसांशी बोलणे थांबवायचे नाही, नुसते स्क्रोल करणे थांबवायचे आहे. पेपर वाचून संपतो, रील्स संपत नाहीत. ‘पाचच मिनिटं’ म्हणता म्हणता बारा वाजतात आणि सकाळी घरभर चिडचिड. त्यासाठी फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावावा, उशाशी गजराचे घड्याळ पुरते.

आणखी एक कळकळीची विनंती. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी मार्कांचे फोटो ग्रुपवर टाकू नयेत. कमी मार्क मिळालेले मूलही त्याच जिन्यातून ये-जा करत असते. अभिनंदन घरी जाऊन करू या, पेढेही तिथेच खाऊ.

कुणाला सतत उदास वाटत असेल, झोप लागत नसेल, तर १४४१६ वर फोन करावा. ही सरकारची ‘टेली-मानस’ सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. हा नंबर लिफ्टशेजारच्या फलकावरही लावला आहे.

– सचिव