मुलं सांभाळण्याची कुपनं

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

एकमेकांची मुलं सांभाळायला शेजाऱ्यांत कुपनं सुरू करताय, हे वाचून फार आनंद झाला. छापण्याआधी कॅपिटॉल हिलचा अनुभव मात्र नीट समजून घ्या.

वॉशिंग्टनच्या त्या भागात दीडशेच्या आसपास जोडप्यांनी हेच केलं होतं. एक कुपन म्हणजे अर्धा तास. मूल सांभाळलं की कुपनं मिळायची, स्वतः बाहेर जायचं तर मोजावी लागायची. हिशेब चोख, तरी गाडं अडलं, कारण एकूण कुपनंच कमी होती. अडीअडचणीला असावीत म्हणून जो तो ती गाठीशी ठेवू लागला. कुणी बाहेर जाईना, मग कुपन कमवायला मूल तरी कुठून मिळणार? बाहेर जायची सक्ती करून पाहिली, ती लागू पडली नाही. जादा कुपनं वाटली तेव्हा व्यवहार सुरळीत झाला. पुढे ती इतकी वाढली की खिशात कुपनं, पण सांभाळायला माणूस नाही. जोन आणि रिचर्ड स्वीनी या दांपत्याने १९७७ मध्ये हे सगळं लिहून ठेवलंय. पैशाचं दुर्भिक्ष आणि महागाई इतकी स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसते.

म्हणून प्रत्येक घराला सुरुवातीला सारखीच कुपनं द्या, समजा चाळीस, आणि सोडून जाणाऱ्याकडून तेवढीच परत घ्या. फोन करून जुळवाजुळव करणाऱ्याच्या कामाची कुपनं सगळ्यांच्या वर्गणीतून द्या. त्यासाठी नवी छापलीत तर एकूण आकडा दर महिन्याला नकळत फुगत जाईल. तास सगळ्यांचा सारखाच धरा. जपानमध्ये ओसाकात तेरुको मिझुशिमांनी १९७३ मध्ये आणि पुढे अमेरिकेत एडगर कान यांनी मदतीचे तास जमा करून मोबदल्यात मदत घ्यायच्या योजना काढल्या, तिथे वेळेचा हिशेब तसाच ठेवला. आणि नोंदणीच्या कागदावर ‘काय हवंय’ हा रकाना ‘काय देऊ शकता’च्या वर ठेवा. मदत करायला माणसं चटकन तयार होतात, मागायला संकोचतात. आणि नुसतं देणाऱ्यापुढे बाकीचे मिंधे होऊन बसतात.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात नेणं, आजाऱ्याजवळ बसणं, यावर कुपन लावू नका. दारातच चार कुपनं हातात ठेवली की देणं तिथेच फिटतं, पुन्हा एकमेकांकडे जायचं कारण उरत नाही. उपकार थोडा उशिरा, थोडा कमी-जास्त फेडला जातो. त्या शिल्लक बाकीवरच शेजार टिकतो. शिवाय ही वाट एकेरी आहे, एकदा मोल लावलं की मागे फिरता येत नाही. इस्रायलमधल्या हायफा शहरातल्या दहा पाळणाघरांपैकी सहांनी मुलाला न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर वाढलाच. आधी शिक्षिकेची भीड वाटायची. आता उशिराचा दर ठरला होता. दंड काढून टाकला तरी ती भीड परतली नाही.

नियमांचा कच्चा मसुदा झाला की पाठवा. कुपनं किती आणि कुठल्या कामांना नाहीत, या दोन कलमांवर मी सविस्तर लिहीन.

तुमची धाकटी बहीण