साचा घ्यायला सोबत चल

नागपूर

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला कृत्रिम पायाचा व्हिडिओ आईने आणि मी तीनदा पाहिला. तो पाय लावलेला माणूस कठडा न धरता जिना उतरतो, ते बघून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग फोनवर तू म्हणालीस, "बाबा, कर्ज काढीन, पण हा पाय घेऊच." तेव्हा माझा गळा दाटून आला, काही बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

बाळा, तो पाय माझ्या कामाचा नाही. व्हिडिओतली सगळी करामत गुडघ्याची आहे. जर्मनीच्या ऑटोबॉकने १९९७ मध्ये सी-लेग आणला, त्याच जातीचा हा गुडघा. आतला संगणक प्रत्येक पावलाचा अंदाज घेतो आणि तेलाचा दाब कमीजास्त करतो, म्हणून अडखळलं तरी गुडघा एकदम दुमडत नाही. ज्यांचा पाय मांडीतून गेला, त्यांच्यासाठी हे फार मोठं काम आहे. आयआयटी मद्रासनेही २०२२ मध्ये 'कदम' नावाचा देशी गुडघा आणला, त्यात संगणक नाही. पण माझा पाय गुडघ्याखाली गेलाय, गुडघा माझाच आहे. अपघातानंतर डॉक्टरांनी तो वाचवला, हे मी रोज सकाळी पाय चढवताना आठवतो.

आणि खालचं पाऊल मला जयपूरचंच हवं. १९६८ मध्ये रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिराने हाडांचे डॉक्टर सेठी यांच्यासोबत ते घडवलं. परदेशी पावलाला बूट लागायचा, त्यावर उकिडवं बसणं जमायचं नाही. हे रबराचं पाऊल अनवाणी चालतं. टेकडी गणपतीला मी दर मंगळवारी चप्पल बाहेर काढून जातो आणि पंगतीत मांडी घालून बसतो, ते त्याच्याच जोरावर.

माझं दुखणं वेगळ्या जागी आहे. पाय आणि मी जिथे भेटतो, त्या सॉकेटमध्ये, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या खोबणीत. पहिलं सॉकेट एका ठिकाणी घाईघाईत बनवलं होतं. साचा घेताना कुणी विचारलंही नाही, कुठे दुखतं म्हणून. दीड महिना नडगीच्या टोकावर जखम होती, तू तेव्हा दहावीत होतीस, म्हणून तुला सांगितलं नाही. आत्ताचं चांगलं आहे, पण सैल झालंय. स्टंप, म्हणजे उरलेला पाय, दिवसभरात बारीक होतो, म्हणून सकाळी एक मोजा, दुपारी दोन, असं चालतं. त्यात आपला मे महिना! पंचेचाळीस अंशांत मोजा असा भिजतो की पाय आत घसरायला लागतो.

परवा सीताबर्डी मेट्रो स्टेशनच्या बाकावर मी पाय काढला, स्टंप पुसला, पिशवीतला कोरडा मोजा चढवला. पूर्वी यासाठी आडोसा शोधायचो. समोर एक पोरगं एकटक बघत होतं. "काका, दुखते का?" म्हणालं. मी म्हटलं, "घासलं की दुखते बापा." त्याने हात पुढे केला आणि मी त्याला रबराचं पाऊल दाबून पाहू दिलं.

त्या घासण्यावरच जगभर डोकी चालली आहेत. स्वीडनमध्ये १९९० पासून हाडातच टायटॅनियमचा दांडा बसवून पाय जोडतात, सॉकेटच नाही! वाचून मला मोह झाला होता. पण दांडा कातडीतून बाहेर येतो तिथे जंतुसंसर्गाची कायमची धास्ती, ती मला नको. आता प्लास्टरऐवजी स्कॅनरने स्टंपचं माप घेतात, संगणकावर सॉकेटचा आकार बदलता येतो. ते मात्र मला करून बघायचं आहे. तरी मापं घेणाऱ्याचा हात आणि त्याने दिलेला वेळ, हेच खरं. पहिल्यांदा घालून उभं राहिलो की तासभर चालवून, कातडी कुठे लाल झाली ते पाहून, तिथलं घासून द्यायला हवं. मी भिडेखातर "ठीक आहे" म्हणून उठतो. तू उठू देणार नाहीस.

म्हणून कर्ज काढू नकोस. दिवाळीत चार दिवस जास्तीची रजा घे. भाऊबीज झाली की माप द्यायला जाऊ. येताना पुण्याहून जाड सुती मोजे आण, शिवण नसलेले. इथे मिळाले त्यांची शिवण टोचते.

आईने संत्र्याची बर्फी आणून ठेवायची म्हटलंय.

तुझा,
बाबा