कोडातल्या कमेंट वेगळ्या काढताना

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

जावाच्या फायलींतल्या कमेंट, म्हणजे कोडात माणसांसाठी लिहिलेल्या टिपा, वेगळ्या काढायला तू रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातला नमुना शोधणारं सूत्र) रचत बसला आहेस म्हणे. ते सोड. जावात // पासून ओळीच्या शेवटापर्यंत कमेंट असते, पण एखाद्या स्ट्रिंगमध्ये (अवतरणातल्या मजकुरात) वेबपत्ता आला की त्यातल्या // पासून पुढची ओळ कमेंट समजून उचलली जाते. ती पळवाट बुजवलीस की दुसरी निघते. // कुठे खरी आणि कुठे स्ट्रिंगच्या पोटात, हे पार्सरला, म्हणजे भाषेच्या व्याकरणाप्रमाणे कोड वाचणाऱ्या प्रोग्रामला, आधीच ठाऊक असतं.

जावासाठीची जावापार्सर ही लायब्ररी घे. फक्त त्याची एक खोड लक्षात ठेव: तो एका नोडला (मेथड, विधान अशा कोडाच्या एका घटकाला) एकच कमेंट चिकटवतो. मेथडच्या (क्लासमधल्या फंक्शनच्या) डोक्यावर लागोपाठ तीन // ओळी असल्या तर तिसरी मेथडला मिळते आणि वरच्या दोन पोरक्या होतात. लायब्ररीही त्यांना अनाथच म्हणते! कमेंट आणि मेथड यांच्यात रिकामी ओळ असेल तरीही मूळ सेटिंगप्रमाणे तेच होतं. म्हणून नोडमागून नोड फिरू नकोस. सगळ्या कमेंट एकदम घे, ओळ क्रमांकाने लाव, आणि लगतच्या ओळींवर एकाच कॉलमपासून सुरू होणाऱ्या // कमेंट जोडून एक कर. कॉलमची अट गाळलीस तर आधीच्या विधानाच्या शेपटीची कमेंटही त्यात घुसेल. फायलीच्या माथ्यावरचा परवान्याचा मजकूर सहसा कम्पायलेशन युनिटलाच (अख्ख्या फायलीच्या नोडला) चिकटतो, त्यामुळे फक्त 'आतल्या' कमेंट मागितल्यास तो हाती लागत नाही.

पायथॉनची तऱ्हा वेगळी. तिथल्या एएसटीत (पार्सरने बनवलेल्या कोडाच्या रचनावृक्षात) कमेंट उरतच नाहीत, त्यासाठी कोडाचे सुटे तुकडे करणारं टोकनाइझ मॉड्यूल. डॉकस्ट्रिंग (फंक्शन वा क्लासच्या सुरुवातीला लिहिलेलं वर्णन) मात्र भाषेच्या लेखी साधी स्ट्रिंग, ती एएसटीतूनच काढायची.

अनेक भाषा एकत्र हाताळायच्या असतील तर ट्री-सिटर हा अनेक भाषांचा पार्सर बरा, पण तो जागा बाइटमध्ये सांगतो. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. 'दर' हा शब्द पायथॉनच्या स्ट्रिंगमध्ये २ चिन्हांचा, फायलीत ६ बाइटांचा. तो आधी येऊन गेला की पुढची प्रत्येक कमेंट ४ घरं सरकलेली दिसते. म्हणून आधी बाइट कापून मग डीकोड कर, म्हणजे त्यांचा मजकूर बनव. शिवाय ट्री-सिटरच्या ओळी ० पासून मोजल्या जातात, टोकनाइझच्या १ पासून.

खऱ्या कोडाला हात लावण्याआधी चाचणीची एक फाईल बनव: स्ट्रिंगमध्ये //, मेथडवर तीन ओळींची कमेंट, विधानाच्या शेपटीला एक, आणि कुठेतरी मराठी शब्द. निकाल काय येतो ते कळव.

तुझा,
अविनाश