शनिवारी शेरू नागपूरला निघतोय

सदस्यहो, आपल्या शेरू कुत्र्याला नागपूरला घर मिळालं! शनिवारी पहाटे ४ वाजता पुण्याहून गाडी निघेल. छत्रपती संभाजीनगरपर्यंत नेहमीचा रस्ता, पुढे समृद्धी महामार्ग. रेल्वेचा विचार सोडून दिलाय. ब्रेकव्हॅनमधल्या (गार्डच्या डब्यातल्या) पेटीत ३८ किलोचं हे भित्रं धूड एकटं रात्र काढेल, हे कुणालाच पटेना.

निरोपाला गर्दी नको, प्लीज. त्याच्या ओळखीचे दोघंच येतील. शुक्रवारी रात्री ८ नंतर खाणं बंद, पाणी चालू. गुंगीचं औषध कुणीही परस्पर देऊ नये. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच.

सगळ्यात महत्त्वाचं: गळ्यात पट्टा आणि अंगात हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा), दोन्ही हवेत. पट्ट्याला एक दोरी, हार्नेसला वेगळी. घाबरलेला कुत्रा मागे सरकत पट्ट्यातून मान काढून घेतो, आणि महामार्गावर सुटला की हाका मारून येत नाही. म्हणून गाडी थांबली की आधी दोऱ्या धरायच्या, मगच दार उघडायचं. नागपूरला पोचल्यावरही घराचं दार लागेपर्यंत दोऱ्या सोडायच्या नाहीत.

त्याची गोधडी कुणी धुऊ नका. वास असू दे तिला! लसीकरणाचं कार्ड माझ्याकडे आहे. डिझेल-टोलची वर्गणी गुरुवारपर्यंत द्या.